न सरकणारा डाग

रोज सकाळी नऊला मुनीसा विद्यापीठाच्या वेधशाळेतली दुर्बीण सूर्याकडे वळवायची आणि पाटावर टाचलेल्या कागदावर त्याचा थाळीएवढा गोल पाडायची. गोलातले डाग पेन्सिलीने गिरवायचे, खाली तारीख आणि सही. ताजिकिस्तानच्या राजधानीत, दुशान्बेत, कॅमेऱ्यांना तोटा नव्हता, पण तिचे शिक्षक उस्ताद खोलमुरोद यांचा हाताने काढलेल्या चित्रांवरच जीव. छत्तीस वर्षांची चित्रं कपाटात होती.

शंका आली की कागद हलवून पाहायचा. धूळ कागदाबरोबर हलते, डाग हलत नाही. पण खरा डाग रोज थोडा पुढे जातो आणि दोन आठवड्यांत कडेपल्याड नाहीसा होतो.

मुनीसाचा डाग मात्र तिने चित्रं काढायला घेतल्यापासून, एकोणीस दिवस, मधोमध होता. तिने कागद हलवला, भिंग फिरवलं, पुसलं. तो तिथेच. अक्रोडाएवढा. त्यावर बोट ठेवलं की भर उन्हात गार लागायचं.

"खोडून टाक," चहाची वाटी फुंकत उस्ताद म्हणाले. "उद्या चित्रं परीक्षकांपुढे जायचीत. पदवी हवी ना?"

"हवी. पण दिसेल तेच काढायचं, हे तुम्हीच शिकवलंत, उस्ताद."

"दिसतंय कुठे? तुम्हा डोंगरातल्या पोरींना दगडातही पऱ्या दिसतात!"

मुनीसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग हात फिरवून दाखवा."

त्यांनी उजेडात हात घातला. बोटं गोलावर वर गेली, खाली आली, कडेकडेने फिरली. मधोमध मात्र गेली नाहीत.

"बघ. काही नाही."

मुनीसाने कपाट उघडलं. सगळ्यात जुन्या कागदावर उस्तादांचीच सही होती, विद्यार्थी असतानाची. तिने तो खिडकीशी धरला. मधोमध कागद रबराने घासून विरला होता.

दुसराही. तिसराही.

"हे कोणी खोडलं?"

उस्तादांनी खिशातलं रबर काढून तिच्यापुढे सरकवलं. "मी पदवी घेतली, पोरी. तूही घे."

तिने रबर खिडकीबाहेर भिरकावलं. पदवी गेली खड्ड्यात! तिने डाग ठसठशीत गिरवला आणि खाली सही ठोकली.

मग तिने जुने कागद वर्षांच्या क्रमाने लावले. पहिल्या वर्षी घासलेली जागा खसखशीएवढी होती. पुढे मसुराएवढी. मग जर्दाळूच्या बीएवढी.

तिने पाटाकडे पाहिलं. तिने गिरवलेल्या रेघेच्या बाहेरही आता काळं होतं, उस्तादांच्या चहाच्या वाटीएवढं.