सुगंधाबाईंचा परवाना

कागलच्या पुढे, दूधगंगेच्या अलीकडच्या एका गावात सुगंधाबाई पाटलांच्या दाराशी एक परवाना चौकटीत लावलेला होता. किरणोत्सारी स्रोत बाळगण्याचा परवाना. स्रोत म्हणजे त्यांचे यजमान, रायगोंडा.

त्या काळात याचं कुणाला नवल उरलं नव्हतं. हृदय थकलेल्या माणसाच्या छातीत डॉक्टर एक पंप बसवत आणि त्याला वीज पुरवायला धगमणी. धगमणी म्हणजे बोराएवढ्या मजबूत कवचात बंद केलेलं प्लुटोनियम. ते आपोआप विघटित होत राहतं, त्यातून उष्णता निघते आणि त्या उष्णतेची वीज होते. चार्जिंगची कटकट नाही. विहिरीवरच्या मोटारीसारखा पंप रक्त अखंड पुढे ढकलत राहतो. ठोके पडत नाहीत, त्यामुळे मनगटाला नाडीही लागत नाही.

कायदा मात्र जुना, कारखान्यांसाठी केलेला. प्रत्येक स्रोताला जबाबदार राखणदार हवा, असं त्यात म्हटलेलं. आता स्रोत स्वतःचीच राखण कशी करणार? म्हणून परवाना बायकोच्या नावावर. ज्या गड्याने जन्मात कधी ‘कुठं चाललाय’ला धड उत्तर दिलं नव्हतं, तो आता पारावर जायचं तरी सांगून जाऊ लागला. सरकारने केलेल्या सगळ्या कायद्यांत सुगंधाबाईंना हा एकच मनापासून पटला होता.

राज्याच्या हद्दीत तपासणी राज्याची. नदी म्हणजेच ती हद्द; ती ओलांडायची तर केंद्राची परवानगी आधी घ्यायची. तपासणीला स्रोत सापडला नाही तर तो हरवलेला ठरे, परवाना रद्द होई आणि धगमणी काढून घेतला जाई. मग पंप कशावर चालायचा, याबद्दल कायदा काही बोलत नव्हता.

आणि त्या सकाळी राज्याची निरीक्षक स्वरूपा दळवी न कळवता दारात उभी राहिली, तेव्हा रायगोंडा घरात नव्हते.

“मालक न्हाणीत हायती,” सुगंधाबाई म्हणाल्या. “बसा, च्या टाकते.”

स्वरूपाने हातातला किरण मोजणारा मापक न्हाणीच्या दिशेने धरला. मापक गप्पच.

“काकू, आत कुणी नाही. मण्यातून थोडे किरण सतत बाहेर पडतात, भिंतीतूनही येतात. ते इथे असते तर हा टकटकला असता.”

सुगंधाबाई उंबऱ्यावर बसल्या. “नदीपल्याड गेल्यात, थोरल्या बहिणीकडं. आक्का आज हाय, उद्या न्हाई. केंद्राकडं परवानगी मागितली, तर म्हणत्यात विचार चाललाय. त्यांचा विचार हुईस्तवर मरणारं माणूस थांबतंय व्हय?”

“पलीकडे माझा अधिकार चालत नाही. स्रोत हद्दीबाहेर आहे म्हटल्यावर मला केंद्राला कळवावंच लागतं.” स्वरूपाचा हात फोनकडे गेला आणि तिथेच रेंगाळला. “पण तपासणी अजून संपलेली नाही. चहा टाका.”

चहा झाला. स्वरूपा इतका सावकाश प्यायली की कपात साय धरली. सुगंधाबाई चुलीशी बसून णमोकार मंत्र पुटपुटत होत्या. परवाना गेला तर माणूस जाणार, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. अखेर स्वरूपाने कप खाली ठेवला.

तेवढ्यात मापक टकटकला. एकदा, मग भराभर. उसातल्या वाटेने चिखलाचे पाय घेऊन रायगोंडा परसात शिरत होते.

“आक्कानं वळखलं मला,” पाहुणी कोण हे न बघताच ते सांगू लागले. “माझं मनगाट धरलं आन् रडाय लागली. म्हणती, बाळ्या, तू माझ्या आदी गेलास व्हय रं?” आणि ते पोटभर हसले.

“स्रोत जागेवर, सुस्थितीत,” स्वरूपा म्हणाली आणि उठली.

सुगंधाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. छातीवरची धोंड उतरली होती. फाटकापर्यंत पोचवायला गेल्या तेव्हा त्यांनी सहज विचारलं, “मॅडम, ह्यो मणी किती वर्सं चालतोय?”

“त्याची धग निम्मी व्हायलाच अठ्ठ्याऐंशी वर्षं लागतात. मण्याची काळजीच सोडा.”

“आन् मालकांचं काय झालं, तर तुमचं यंत्र काय सांगंल?”

स्वरूपाने मापक पिशवीत ठेवला. “‘स्रोत जागेवर’, हेच सांगेल, काकू. मेंदू थांबला तरी पंप चालूच राहतो. स्रोत जागेवर आहे की नाही, एवढंच आम्ही बघतो.”

दुपारी जेवून रायगोंडा आडवे झाले. सुगंधाबाई शेजारी बसल्या. मनगट धरून पाहिलं. नाडी नव्हतीच, ती कधीच नसे. छातीवर तळहात ठेवला. छाती उबदार होती, ती तशीच राहणार होती. त्या वाट बघत राहिल्या.

मग रायगोंडा घोरले.

लग्न झाल्यापासून या घोरण्यापायी त्यांनी नवऱ्याला ढोसून कुशीवर वळवलं होतं. आज त्यांना इतकं बरं वाटलं की हातही लावला नाही. घोरणं मध्येच थांबलं. सुगंधाबाईंनी श्वास धरला आणि पुढचं घोरणं ऐकू येईपर्यंत सोडला नाही.