जयाच्या अंगात आलं त्या रात्री

साल सोळा होतं की सतरा, मला नक्की सांगता येत नाही. आठवतं त्यातलं थोडं मीच भरलेलं असेल, अशी शंकाही येते. पण सुरेंद्र माझा विद्यार्थी. तो खोटं बोलणारा नव्हे.

चैत्र पौर्णिमेची आदली रात्र. त्याची बायको जया गावच्या जत्थ्यासोबत मूलहून चंद्रपूरला महाकालीच्या यात्रेला पायी निघाली होती. दर्शन होईपर्यंत पाणी प्यायचं नाही, असा तिचा नवस. मन वळलं तर असावी, म्हणून सुरेंद्र पाण्याची कॅन घेऊन मोटरसायकलने मागून निघाला. रात्री अकरालाही डांबर अनवाणी पायांना चटके देत होतं.

"आजोबा, तुम्ही चालून पाह्यलं का?" माझ्या नातवाने, सोनूने विचारलं.

"नाही रे. त्याने सांगितलं तेच सांगतो."

जंगलातल्या वळणावर, मोहाच्या झाडाखाली लोक गोल बसले होते. मध्ये जया. डोळे वर गेलेले, अंगाला झटके, तोंडाने बरळणं चाललेलं. कपाळभर कुंकू.

"तिच्या अंगात आलं भाऊ," जत्थ्याचा म्होरक्या लहानू म्हणाला.

एक बाई हात जोडून पुसत होती, "माय, माह्या पोराले नोकरी लागंल का?"

सुरेंद्रने जयाच्या गळ्याला हात लावला. चुलीसारखा तापलेला. घामाचा थेंब नाही. त्याने कॅन उघडली.

"काऊन नवस मोडतं भाऊ? देवी कोपंल," लहानूने अडवलं.

तो थांबला. कॅन हातातच.

जयाचं बरळणं मंद झालं... मग बंद.

त्याच्या मनगटावर हात पडला. गार.

मागे एक म्हातारी. जत्थ्यातली नव्हे.

"देवी नाई बापू. उन्हाची लू लागली तिले. ओत."

त्याचा हात उचलेना.

"मलेबी असंच पुसत बसले होते..."

म्हातारी जयाकडे बघत होती.

"पार सकाळपर्यंत..."

त्याने ओतलं. डोक्यावर, छातीवर, सगळी कॅन. मागे वळला. रस्ता मोकळा. लख्ख चांदणं.

दवाखान्यात जया वाचली.

काही वर्षांनी, मे महिन्यात, मी ते झाड शोधत गेलो. खाली शेंदूर लावलेला दगड होता. तिथे गुरं चारणारा बिरजू म्हणाला, "लई वर्षांमागं यात्रेतली एक म्हातारी इथीच गेली. अंगात आलं होतं तिच्या. तवापासून पुजतो आम्ही."

"पाणी कोण घालतं?"

"पाणी नाई घालत साहेब. नवसात गेली ना ते. तिले पाणी चालत नाई."

भर दुपार होती. मी दगडावर तळहात ठेवला. दगड ओला होता.