सायकलची किल्ली

मी कुणाशी आपणहून बोलत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी बोलावं लागलं. धाकटा भाऊ आत रक्त देत होता आणि नर्सने माझ्या हातात ठेवलेल्या कागदावरची अक्षरं मुंगीएवढी. मी शिकले चौथीपर्यंत. शेजारच्या खुर्चीवर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ बसले होते. म्हटलं, चष्मा घरी राहिलाय, जरा वाचा.

चष्मा माझ्या नाकावरच होता. त्यांनी तो पाहिला... आणि काही न बोलता वाचायला लागले. तिथेच मला ते आवडले.

साठीपुढच्या पुरुषांचा प्रोस्टेटचा कॅन्सर लवकर कळावा, म्हणून तिथे नव्या रक्ततपासणीवर संशोधन चाललं होतं. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं, आणि त्याआधी दोन दिवस सायकल चालवायची नाही – चालवली तर रक्तातला आकडा उगाच चढू शकतो. गृहस्थ कुलपं दुरुस्त करणारे, शहरभर सायकलवर हिंडणारे. दोन दिवस माझं कसं व्हायचं, म्हणाले.

"पाय आहेत ना?" मी म्हटलं.

ते हसले. या वयात एवढं हसू शोभत नाही. त्यांना शोभलं.

पुढच्या खेपेला मी सांगून बसले, माझ्या दाराची कडी अडकते. कडी धड होती. ते आले, धडधाकट कडीला तासभर तेल घालत बसले. सून आत पदर तोंडाला लावून हसत होती. त्यांची बायको जाऊन नऊ वर्षं, माझे मालक जाऊन अकरा. हे त्या तासाभरात बोलून झालं.

तिसऱ्या खेपेला त्यांचा आकडा चढला. बोलावणं आलं तेव्हा घरचं कुणी नाही म्हणून मला नि भावाला बरोबर घेऊन आत गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कदाचित सुईने आतला तुकडा काढून तपासावा लागेल. नर्सने विचारलं, रक्त देण्याआधी सायकल चालवली होती का? त्यांनी माझ्या भावाकडे पाहिलं आणि म्हणाले, नाही.

माझं डोकं फिरलं.

"खोटं. आदल्या दिवशी माझ्या दारावरून तीन फेऱ्या झाल्यात यांच्या. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते."

नर्सने पेन उचललं. "आजोबा, कशासाठी?"

भाऊ छताकडे बघू लागला. या माणसाला अंगात सुई चालणार होती, पण चारचौघांत माझं नाव निघालेलं चालणार नव्हतं... ते मला तेव्हा उमगलं.

"बोला," मी म्हटलं. "मी काही पळून जात नाही."

"लिहा," ते हळूच म्हणाले, "यांना बघायला. दोन दिवस... धीर निघाला नाही."

नर्सने खरंच तसं लिहिलं. डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, मग आधी सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त बघू, सुईचं नंतर.

त्या तपासणीच्या दोन दिवस आधी मी त्यांच्या सायकलला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचली. बघायचं असेल तर चालत या, म्हटलं. दोन्ही दिवस चालत आले, घामाघूम होऊन. आकडा उतरला. सुई टळली.

किल्ली मात्र अजून माझ्याकडेच असते. दुसऱ्यांची कुलपं तारेच्या तुकड्याने चुटकीसरशी उघडणारा माणूस रोज सकाळी माझ्या दारात उभा राहून ती मागतो.

मीही लगेच देत नाही.