रांगेतली पाचवी प्रत

केयूर टिपणीस पहिल्यांदा आठल्यांच्या फाटकाशी आला तेव्हा त्याच्या स्वागताला वरून एक पिशवी उतरली. कापडी, जुनी, दोरीला बांधलेली. कलकत्त्यातल्या भवानीपूरच्या त्या गल्लीत भाजी, पाव, वर्तमानपत्र सगळं असंच पिशवीतून माडीवर चढतं, हे नाशिकहून आलेल्या माणसाला कुठून ठाऊक असणार? पिशवी त्याच्या नाकासमोर डुलत थांबली. त्याने आत डोकावून पाहिलं, तर तळाशी एक पेन ड्राइव्ह.

"बाबा, घ्या लवकर. चौदा पानं छापायची आहेत," वरून आवाज आला.

"मी बाबा नाही," तो म्हणाला. "पण सांगितलंत तर छापून देईन."

पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून एक डोकं बाहेर आलं. निम्मी वेणी घातलेली, निम्मे केस मोकळे. गल्लीतून परक्या माणसाचं मराठीत उत्तर आलेलं सुरुचीने सव्वीस वर्षांत प्रथमच ऐकलं होतं. ती इतकी गडबडली की दोरी हातातून सुटली आणि पिशवी केयूरच्या बुटांवर जाऊन पडली. तो गच्चीवरची खोली भाड्याने बघायला आला होता. खोली कशी होती हे त्याला पुढे आठवेना, पण ती त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकली.

आठल्ये मंडळी चार पिढ्यांची कलकत्तेकर. सुरुचीचे बाबा, श्यामराव, निवृत्त गणित शिक्षक. शहरातल्या मराठी कुटुंबांची यादी दरवर्षी तेच तयार करत आणि जूनअखेरच्या मंडळाच्या सभेत वाटत. प्रत्येक कुटुंबापुढे नाव, इथला पत्ता, फोन आणि शेवटी एक रकाना : कायमचा पत्ता. बदलीवर आलेल्या बँकेच्या आणि सरकारी मंडळींपुढे तिथे नागपूर, सातारा, ठाणे असं काहीबाही येई. इथेच मुळं धरलेल्यांपुढे श्यामराव एकच शब्द लिहीत, ‘हाच’. तो शब्द लिहिताना त्यांची छाती जराशी फुगायची.

सुरुचीचं आणि त्या रकान्याचं मात्र जुनं वैर होतं. पाचवीत तिची जिवाभावाची मैत्रीण वृंदा तिच्या वडिलांची बदली झाली म्हणून नागपूरला गेली. तिच्यामागून आणखी चौघी गेल्या. दर जूनला यादीतून नावं गळायची आणि दर जूनला सुरुची चार दिवस जेवायची नाही. तेव्हापासून तिची आई, प्रेमलताबाई, सांगत आल्या होत्या की बदलीवाल्यांना पोटभर जेवू घालावं, पण जीव लावू नये. दुधाने तोंड पोळलेली सुरुची आता ताकही फुंकून पीत होती. शाळेत भूगोल शिकवायचा, घरी यादी टंकायची, आणि कुणाशी ओळख झाली की आधी शेवटचा रकाना बघायचा... हा तिचा नेम होता.

केयूरच्या रकान्यात लिहिलं होतं : गंगापूर रोड, नाशिक.

तो एका बँकेच्या विभागीय कार्यालयात संगणकांचं काम बघायचा. प्रिंटर तळमजल्यावर बाबांच्या खोलीत, यादी माडीवर सुरुचीच्या लॅपटॉपमध्ये आणि दोघांच्या मध्ये दोरीवर लोंबकळणारा पेन ड्राइव्ह, हे त्याला बघवेना. एका रविवारी तो खाली आला, चहा प्यायला आणि कामाला लागला. राउटर घरात होताच. त्यावरच्या तिन्ही यंत्रांची, म्हणजे बाबांचा संगणक, सुरुचीचा लॅपटॉप आणि स्वतःचा लॅपटॉप, त्याने एकमेकांशी ओळख करून दिली, बाबांच्या संगणकावरचा प्रिंटर सगळ्या घराला खुला केला, आणि मग सुरुचीच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला. यादीचा फोल्डर आता सगळ्यांना दिसायला हवा होता.

"काकांना काय द्यायचं? नुसतं वाचायचं, की बदल करायचेही?"

"बदल करायचे. यादी त्यांचीच आहे."

"आणि... गच्चीवरच्या भाडेकरूला?"

सुरुचीने पडद्यावरची नजर हलवली नाही. "नुसतं वाचायचं."

"माझा फोन नंबर चुकलाय यादीत."

"चिठ्ठीवर लिहा आणि पिशवीतून सोडा. मी दुरुस्त करीन."

तो हसला आणि त्याने स्वतःच्या नावापुढे ‘फक्त वाचन’ अशी खूण केली. मनात आणलं असतं तर ते कुलूप उघडायला त्याला दोन मिनिटं लागली नसती. पण तिने लावलेलं कुलूप होतं, त्याने हात लावला नाही. संध्याकाळी गच्चीवरून खरोखरच पिशवी उतरली. आत चिठ्ठी होती, आणि नंबर नीट वाचता यावा म्हणून तो चांगला दोनदा लिहिलेला होता.

कालबैशाखी, म्हणजे इथलं वळवाचं वादळ, आली ती एकोणीस एप्रिलच्या रविवारी. दुपारी चारला आभाळ काळंठिक्कर झालं, धूळ उठली, गल्लीतल्या आंब्याच्या कैऱ्या पत्र्यांवर बदाबदा पडल्या. श्यामरावांचा एक टीव्ही फार पूर्वी विजेने जळला होता. ढग वाजला की घरभर फिरून सगळे प्लग उपटायचे, हा तेव्हापासूनचा त्यांचा शिरस्ता. त्या दिवशी त्यांनी प्रिंटरला इतक्या तळमळीने वाचवलं की वायर हातात आली आणि मागची खोबणी तुटून तिच्याबरोबर आली. वीज पडली असती तरी एवढं नुकसान झालं नसतं, असं प्रेमलताबाई म्हणाल्या.

मग काय, दुरुस्ती. बाबांचा एक जुना विद्यार्थी हावड्यात असली यंत्रं दुरुस्त करायचा, पण नेमका भाग मिळेना. एक महिना गेला, दुसरा लागला. छापता येईना म्हणून यादी पडद्यावरच तपासायची ठरली. रोज संध्याकाळी केयूर खाली येऊन नावं वाचायचा आणि सुरुची चुका सुधारायची. दहा नावांना अर्धा तास लागू लागला, मग दीड तास. तिचं मराठी कलकत्त्याचं, प्रिंटरला ती हटकून ‘ती’ म्हणायची. तो एकदाही हसला नाही. उलट एके दिवशी तोच बाबांना म्हणाला, "काका, ती कधी येणार परत?" त्या रात्री सुरुचीला उगाचच लवकर झोप आली नाही. शेवटचा रकाना ती विसरायला लागली होती, आणि विसरतेय हे तिला कळतही होतं.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी निरोप आला, प्रिंटर तयार आहे. आणायला दोघंच गेले. परतीच्या फेरीबोटीवर प्रिंटर जुन्या चादरीत गुंडाळून दोघांच्या मधे बाकावर ठेवला होता, जणू घरून सोबतीला धाडलेली थोरली आत्या. हुगळीवरून ओला वारा येत होता. सुरुचीच्या हातात झालमुरीचा, इथल्या तिखट भेळेचा, कागदी ठोंगा होता. केयूरने त्यात हात घातला आणि तिने तो मागे घेतला नाही.

"एक विचारू?" तो म्हणाला. "‘तुम्ही’ म्हणणं कधी सोडणार?"

"का? टोचतंय?"

"थोडं. बँकेत दिवसभर ऐकतो."

तिने पलीकडच्या काठाकडे पाहिलं. मग आत्याबाईंच्या डोक्यावरून ठोंगा त्याच्यापुढे धरला. "घे. मिरची तू खा," ती म्हणाली.

उतरायचा बाबूघाट येईपर्यंत ठोंगा रिकामा झाला. सुरुचीला खूप आनंद झाला होता, इतका की तिला थोडी भीती वाटली.

घरी येऊन केयूर अंघोळीला वर गेला. सुरुचीने प्रिंटर जोडला, बटण दाबलं. तिने काहीही छापायला दिलं नव्हतं, तरी प्रिंटर खाकरला, घरघरला आणि कागद बाहेर टाकू लागला. एक, दोन, तीन, चार. चारही सारखे. तिने वरचा उचलून वाचला. विभागीय व्यवस्थापकांच्या सेवेत... आई-वडिलांच्या वयाचा विचार करून... माझी नाशिक येथे बदली व्हावी ही विनंती. खाली केयूर टिपणीस. तारखेची जागा कोरी. तेवढ्यात ट्रेमधले कागद संपले आणि लाल दिवा लुकलुकू लागला.

तिला वृंदाचं सामान नेणारा टेम्पो आठवला, त्यातली सायकल आठवली. तिने चारी कागदांची नीट घडी केली. गच्चीवरून पाववाल्यासाठी पिशवी खाली आली होती. तिने पावाबरोबर कागद आत ठेवले आणि दोरीला हिसका दिला. पिशवी वर गेली. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली, तेव्हा तिने डोकं दुखतंय असं आईकरवी सांगितलं आणि दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी बाबा कागदांचा गठ्ठा घेऊन आले. यादीचा कच्चा छापा काढायला ते अधीर झाले होते. कागद घातला की तो अर्ज पुन्हा बाहेर येणार, हे सुरुचीला कळत होतं. कारण केयूरनेच शिकवलं होतं, छापायला दिलेली पानं रांगेत उभी राहतात, आणि रांग बघायची असेल तर कुठे टिचकी मारायची. प्रिंटर बंद असला तरी ती बिचारी उभीच राहतात. अडकलेलं पान काढून टाकावं म्हणून तिने बाबांच्या संगणकावर रांग उघडली. एकच ओळ उरली होती, अर्जाची पाचवी प्रत. पुढे केयूरचं नाव, आणि त्याच्यापुढे ते पान छापायला दिल्याची तारीख.

एकोणीस एप्रिल. दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

म्हणजे त्या वादळात. बाबा खाली प्रिंटरशी झुंजत होते तेव्हा तो वर पुन्हा पुन्हा बटण दाबत बसला होता. सुरुचीने ती तारीख तीनदा वाचली, ती ओळ रांगेतून काढून टाकली आणि "छापा दुपारी काढू, बाबा," म्हणत पायऱ्या दोन-दोन चढत गच्ची गाठली. केयूर टाकीच्या सावलीत बसला होता. काल रात्रीपासून तिथेच असावा असा चेहरा.

"एप्रिलचा आहे तो अर्ज," ती धापा टाकत म्हणाली.

"काल तेच सांगायला आलो होतो. तुझं डोकं दुखत होतं." तो उठून उभा राहिला. "तेव्हा इथे येऊन दोन आठवडे झाले होते, सुरुची. उकाडा, भाषा कळत नव्हती, घरची आठवण येत होती. लिहिला. पाच वेळा बटण दाबलं, छापलाच नाही. म्हटलं, उद्या ऑफिसात छापू."

"मग?"

"ऑफिसात अकरा प्रिंटर आहेत. दोन महिने रोज त्यांच्यासमोर बसतोय... नाही छापला."

खाली रस्त्यावर मासेवाला ओरडत गेला. सुरुचीला हसू आलं, रडूही आलं, आणि कुठलं आधी येऊ द्यावं हे न कळून तिने मान वळवली. ती तशीच खाली गेली. केयूर बिचारा टाकीपाशी उभाच राहिला.

खोलीत येऊन तिने लॅपटॉप उघडला. यादीचा फोल्डर. गच्चीवरचा भाडेकरू. ‘फक्त वाचन’वरची खूण काढून तिने त्याला बदल करायचा अधिकार दिला, आणि फोनवरून चार शब्द पाठवले : तुझा नंबर तूच तपास.

पाच मिनिटांनी तिने यादी उघडायला घेतली, तर संगणकाने अडवलं. ही फाइल केयूर यांनी उघडलेली आहे, तुम्हाला तूर्त फक्त वाचता येईल. वाचायचा धीर तिला झाला नाही, तिने ती खिडकी मिटली. दर थोड्या वेळाने उघडून बघे, तोच निरोप येई. फोन नंबर दहा आकडी असतो. तो तपासायला माणसाला अर्धा तास लागत नाही, एवढा हिशेब गणित मास्तरांच्या मुलीला येत होता.

दुपारी श्यामरावांनी कच्चा छापा काढला आणि लाल पेन घेऊन बसले. प्रेमलताबाई दारात लसूण सोलत होत्या. काकांना चष्मा हवा होता म्हणून वरून बोलावलेला केयूर चष्मा शोधून देऊन तिथेच घोटाळला होता. ट च्या पानावर लाल पेन अडलं.

"सुरुची, इतक्या वेळा तपासून ही चूक कशी राहिली?" बाबा म्हणाले. "केयूरचा कायमचा पत्ता. नाशिक हवं ना? इथे ‘हाच’ पडलंय."

केयूरचे कान लाल झाले होते. सुरुची बाबांच्या खांद्यावरून वाकली आणि तो शब्द तिने स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुढे टंकलेला तो शब्द.

"चूक नाही बाबा," ती म्हणाली. "राहू द्या."

प्रेमलताबाईंच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. श्यामरावांनी चष्म्यावरून आधी मुलीकडे पाहिलं, मग भाडेकरूकडे. वर्गात उत्तर बरोबर आलं तरी रीत दाखव म्हणणारा हा माणूस.

"आणि दोन वर्षांनी बँकेने गुवाहाटीला धाडलं तर?"

"तर तो सध्याचा पत्ता होईल, काका," केयूर म्हणाला. "कायमचा हाच. सुरुचीची हरकत नसेल तर."

"तिने राहू द्या म्हटलंय," बाबा म्हणाले. "मी ऐकलं."

त्यांनी लाल पेनाला टोपण घातलं, संगणकापुढे बसून प्रतींचा आकडा घातला आणि छपाई सुरू केली. यादीची पानं एकामागून एक बाहेर येऊ लागली. तेवढ्यात बाहेर अंधारून आलं आणि गल्लीच्या टोकाशी ढग गडगडला. श्यामराव सवयीने उठले. हात प्लगपर्यंत गेला. मग त्यांनी मागे वळून पाहिलं, तर ती दोघं पानं जुळवत जमिनीवर बसली होती, एकाच गठ्ठ्यावर दोघांचे हात.

त्यांनी हात मागे घेतला आणि खुर्चीवर येऊन बसले.

"वाजू दे," ते बायकोला म्हणाले. "सगळ्या प्रती निघू देत आधी."