टाकीवरचा टॉवेल

सम्यक आला होता शेजारच्या गाळ्यात पंप दुरुस्तीला टाकायला. दार चुकला आणि मधुवंतीच्या काचेच्या टाक्यांपुढे येऊन उभा राहिला.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत ती एंजल माशांची पैदास करू पाहत होती. तीनदा अंडी पडली, तिन्ही वेळा पांढरी पडून वाया गेली. पाणी बदलून झालं, औषध झालं, नवससुद्धा झाला.

"मॅडम, तुमच्या या जोडीत नवराच नाहीये," काचेला नाक लावून तो म्हणाला. "बघा ना, दोघीही अंडी घालतायत."

"आणि तुम्ही कोण?"

"मत्स्यशास्त्र शिकलेला... दार चुकलेला माणूस."

दुसऱ्याच दिवशी स्वारी पिशवीत नर घेऊन हजर! पंधरवड्यात टाकीत उभ्या ठेवलेल्या पाटीवर राजगिऱ्यासारखी अंडी चिकटली, आणि या वेळी ती पांढरी पडली नाहीत.

"पिल्लं पोहायला लागली की माझं काम संपलं," तो म्हणाला. "मग अलिबागला कोळंबीच्या हॅचरीत नोकरीवर रुजू."

मधुवंतीला पिल्लं तर हवीच होती... मग ती उशिरा पोहावीत असं का वाटावं? 'अहो'चं 'अरे' कधी झालं, तेही तिला उमगलं नव्हतं.

बुधवारी सकाळी पिल्लं पोहू लागली. तिनं आनंदानं फोन उचलला — आणि ठेवून दिला. टाकीवर टॉवेल टाकला.

संध्याकाळी तो रोजच्यासारखा आला. "काय गं, अजून नाही?"

"नाही रे. उजेड नको असतो त्यांना... बहुतेक."

"असं होय?"

गुरुवारी तेच. शुक्रवारी मात्र त्यानं टेबलावरची बाटली उचलली. बुडबुड्यांत केशरी ठिपके नाचत होते.

"हे बारीक जलकिडे म्हणजे पोहणाऱ्या पिल्लांचं पहिलं खाणं. पिल्लंच नाहीत, तर हे उबवलेस कुणासाठी?"

तिचे कान तापले. "मला काही कळेनासं झालंय रे. हसायचं तर रडू येतंय. पिल्लं झाली... म्हणजे तू चाललास."

"बाटली मला बुधवारीच दिसली होती."

"काय? मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर यायचं निमित्त संपलं असतं ना, वेडे!"

त्यानं टॉवेल बाजूला केला. शेकडो चिमुकले जीव आईबापाभोवती घोळक्यानं फिरत होते. तो पाहत होता मात्र तिच्याकडे.

"नोकरी सोडणार नाही मी. पण मांडव्याहून मुंबईला लाँच आहे. दर रविवारी येईन... तुझ्यासाठी. चालेल?"

तिनं त्याचा हात धरला.

"चालेल. पण घरी जेवायला ये, आईला भेट. दार चुकू नकोस म्हणजे झालं!"