न सांडलेला चहा

करीम लंग तिसऱ्यांदा मारला गेल्याची बातमी आली, तेव्हा धोंडीराम सुतार मिरजेतल्या आपल्या कृत्रिम पायांच्या कार्यशाळेत एका रबरी टाचेची कड घाशीत बसले होते. भिंतीवरच्या पडद्यावर अमेरिकेचे एक अधिकारी सांगत होते, की जग आज अधिक सुरक्षित झालं आहे. हेच त्यांनी फेब्रुवारीत सांगितलं होतं आणि त्याआधी गेल्या वर्षीच्या दिवाळीत. तीनदा सुरक्षित होऊनही जग होतं तिथंच होतं. धोंडीरामांनी कानस खाली ठेवली आणि पडद्याचा आवाज बंद केला.

करीम लंग हा अफगाणिस्तानातल्या सियाहकोट खोऱ्यातला दहशतवादी. त्याने भर बाजारात बॉम्ब फोडून छत्तीस माणसं मारली होती, याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती. पुढे सुरुंग पेरताना त्याचा स्वतःचाच डावा पाय गेला आणि लोक त्याला लंग, म्हणजे लंगडा, म्हणू लागले. अमेरिकेचं सैन्य तो देश सोडून केव्हाच घरी गेलं होतं. त्यांची बिनमाणसांची विमानं मात्र राहिली होती आणि ती डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या उंचीवरून अजून त्याला शोधत होती.

"मामा, इकडं या जरा," रझिया मुजावर म्हणाली.

रझिया कार्यशाळेतली इंजिनिअर. नवा पाय बसवलेल्या माणसाची चाल संगणकावर रेषांनी काढायची आणि वजन कुठे चुकीचं पडतंय ते धोंडीरामांना दाखवायचं, हे तिचं काम. धोंडीराम रेषा बघत, मान हलवत आणि शेवटी स्वतःच्या डोळ्यांना पटेल तेच करत. साठी उलटलेल्या माणसाला एवढी सूट तिने देऊन टाकली होती.

तीन वर्षांपूर्वी एका संस्थेने सियाहकोटला दोन महिन्यांचं शिबिर घेतलं, तेव्हा धोंडीरामांनी तिथे एकशे अठरा पाय बसवले. त्यातले डावे त्रेचाळीस. तेव्हापासून ती माणसं दर शुक्रवारी फोनवरून आपल्या चालण्याचा व्हिडिओ पाठवत. दहा पावलं समोर, दहा पावलं माघारी. धोंडीराम ते बघून सांगत, आतला मोजा बदल, घोट्याचा बोल्ट अर्धा फेरा आवळ.

"गुल मीरचा व्हिडिओ गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून आलेला नाही," रझिया म्हणाली. "हाजी सुलतानचा फेब्रुवारीपासून. आणि परवाच्या शुक्रवारी अब्दुल रहीमचा नाही."

"रेंज नसंल. डोंगराचा मुलुख हाय."

"मीपण तेच धरून बसले होते. आता ह्या तारखा बघा." तिने करीमच्या तिन्ही मरणांच्या तारखा शेजारी मांडल्या. धोंडीरामांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. तिने तिघांच्या चालीच्या रेषा एकमेकींवर ठेवल्या, तेव्हा पडद्यावर एकच रेषा उरली.

आकाशातून माणसाचं तोंड दिसत नाही, डोक्याचा वरचा भाग दिसतो, आणि पागोटी सगळ्यांची सारखीच. म्हणून अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सावली धरली. सकाळी आणि संध्याकाळी माणसाची लांब सावली त्याच्या बाजूने जमिनीवर चालत असते. तिच्यावरून पाऊल किती लांब, कंबर किती झुलते, वजन कोणत्या पायावर किती वेळ राहतं, हे सगळं यंत्र मोजू शकतं. अंगठ्याचा ठसा असतो तसा चालीचाही ठसा असतो, असा त्यांचा सिद्धांत होता. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी त्याला चालठसा हा शब्द काढला आणि तो रुळलाही. करीमचा पाय गेल्यानंतरची, बाजारातून चालतानाची एक फीत त्यांच्याकडे होती. जगात दोन माणसं एकसारखी लंगडत नाहीत, असं यंत्र बनवणाऱ्यांनी धरून चाललं होतं.

पण सियाहकोटचे त्रेचाळीसही जण मुळी लंगडतच नव्हते.

धोंडीरामांची पाय पास करण्याची एक पद्धत होती, त्यांच्या गुरूने घालून दिलेली. पाय बसवून महिना झाला की त्या माणसाने चहाची पेली काठोकाठ भरायची, दोन्ही हातांत धरायची आणि दारापासून धोंडीरामांच्या बाकापर्यंत चालत आणून द्यायची. थेंब सांडला की पाय पुन्हा घासायला. सांडला नाही तर चहा धोंडीराम पीत आणि माणूस घरी जाई. सियाहकोटात कोणाला सहा दिवस लागले, कोणाला सोळा, पण सगळे एकाच परीक्षेला बसले. पाऊल आखूड, कंबर स्थिर, डावी टाच किंचित उशिरा टेकलेली. मिरजेत कोणी नुसतं चालताना पाहिलं तरी म्हणायचं, हा धोंडीमामांचा पाय. या कौतुकाचं त्यांना इतकी वर्षं बरं वाटत आलं होतं.

"म्हंजे माझ्या हातानं मेली ती," ते म्हणाले.

"तुमच्या हातानं कशी? बॉम्ब काय तुम्ही टाकला?"

धोंडीरामांनी बाकावरची कानस उचलली आणि होती तिथेच पुन्हा ठेवली.

रझियाने त्या अमेरिकी कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर येईल अशी दोघांनाही आशा नव्हती, पण पाचव्या दिवशी दुपारी पडद्यावर व्हिटलॉक नावाचा गृहस्थ आला. झालेल्या हल्ल्यांतल्या चुका तपासायच्या, हे त्याचं काम. पन्नाशीचा, डोळ्यांखाली काळवंडलेला, आणि बोलायच्या आधी सुस्कारा टाकणारा. दुभाष्या यंत्र त्याचं बोलणं पाठ्यपुस्तकातल्या मराठीत करून देत होतं.

"आदरणीय महोदय, आपल्या पत्राबद्दल आम्ही ऋणी आहोत."

"तिघं मेल्यात," धोंडीराम म्हणाले. "एक रोट्या भाजायचा, एक मेंढरं राखायचा. हाजी सुलतान तर म्हाताराच हुता, काय करत नव्हता. त्यातला गुल मीर, रोट्या भाजणारा, त्याचा पाय करीमच्याच बॉम्बनं गेल्ता."

यंत्राने हे कसं सांगितलं कोण जाणे. व्हिटलॉकने मान खाली घातली. "हे मी वरिष्ठांना कळवले आहे. त्यांचे म्हणणे असे, की चालठसा अठ्ठ्याण्णव टक्के जुळला होता."

"माझ्या हातचे समदेच जुळत्याल."

"म्हणूनच विनंती आहे. त्या सर्वांची नावे, घरे आणि चित्रफिती द्याव्यात. त्यांना वगळण्यास आम्ही यंत्राला शिकवू."

"ती यादी ठेवणार कुठं?" रझियाने विचारलं. "कोण कोण बघणार?"

"सत्य सांगायचे तर, ती माझ्यापाशीही राहणार नाही. आणखी एक गोष्ट. करीमने पाय आपल्याच शिबिरात बसवून घेतला. वेगळे नाव सांगून. याबद्दल आमची खात्री आहे."

त्रेचाळीस जणांच्या हातचा चहा धोंडीराम प्यायले होते. त्यात एक हात त्याचा होता, आणि कोणता ते त्यांना आठवून आठवेना. शिबिरात माणसाला नाव विचारत, पायाचं माप घेत, आणि पुढचं काही विचारायची पद्धत नव्हती.

"रविवारपर्यंत ठरवावे," व्हिटलॉक म्हणाला. "करीम पुन्हा दिसला आहे."

"आत्ताच मेला न्हवं त्यो?"

"होय," व्हिटलॉक म्हणाला. त्याला हसू आलं नाही, लाजही वाटलेली दिसली नाही. फार दिवस एकच काम केलेल्या माणसाचा तो आवाज होता. "तो रोज सकाळी सात वाजता घरातून निघतो, अंगण ओलांडून मातीच्या एका खोलीत जातो. दोन्ही हातांनी छातीपाशी एक लहान वस्तू धरलेली असते. अतिशय सावकाश चालतो, वस्तू हिंदकळू देत नाही. यंत्राच्या मते ते स्फोटक द्रव आहे. पुढील निर्णय सोमवारी होईल."

धोंडीराम खुर्चीतून अर्धे उठले.

"चहा हाय त्यो."

"क्षमा असावी?"

"चहा. आईला घिऊन जातोय. लिवून घ्या."

नूर आगा हा सियाहकोटच्या शाळेतला मास्तर. त्याची आंधळी आई अंगणापलीकडची जुनी खोली सोडायला तयार नव्हती, म्हणून रोज सकाळी तो तिचा चहा तिकडे नेई. पेली काठोकाठ भरलेली असे. उस्ताद, मी तुमची परीक्षा रोज देतो, आणि तपासायला तुमच्यापेक्षा कडक बाई बसली आहे, असं तो दर शुक्रवारी हसून सांगायचा.

"आपण त्याला ओळखता," व्हिटलॉक पुढे झुकला. "त्याचे नाव काय?"

नाव धोंडीरामांच्या ओठांवर आलं होतं. रझियाने त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि ते थांबले. त्या खोऱ्यात अमेरिकेच्या यादीत नाव असलेला माणूस करीमचे लोक जिवंत ठेवत नसत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका कारकुनाला चौकात उभा करून मारलं होतं, तोही अशाच एका यादीपायी. ती यादी कार्यालयातून बाहेर कशी पडली, हे कोणालाच सांगता आलं नव्हतं.

"चहा हाय एवढंच लिवा," ते म्हणाले.

"लिहितो. परंतु नावाशिवाय ते केवळ एक मत ठरेल, महोदय." पडदा काळा झाला.

धोंडीराम म्हणाले, "पाय बिघडवायचं."

"काय?"

"चाल माझी हाय म्हणून मरत्यात. मग चाल मोडायची. चाळीस जण ऱ्हायल्यात. चाळिसांनी चाळीस तऱ्हेनं लंगडायचं."

रझियाला आधी ते वैतागून बोलताहेत असं वाटलं. पण त्यांनी वही ओढली आणि पहिल्या पानावर नूर आगाचं नाव लिहिलं.

"अचानक चाल बदलली तर यंत्राला जास्तच संशय येईल, मामा."

"डिसेंबर हाय. थंडीत उरलेला पाय आकसतो, त्याच्यावर बसणारं सॉकेट ढिलं हुतं. लंगडायला लागत्यातच लोक."

तिने वहीतल्या नावाकडे पाहिलं. "चाळिसातला एक तो असंल. त्यालापण सांगणार तुम्ही."

"असंल."

"छत्तीस माणसं मारलीत त्यानं."

"ठावं हाय." त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "कुठला त्यो, ते मला कळत न्हाई रझिया. त्यांनाबी कळत न्हाई. ते म्हणून मारत सुटल्यात. मला तसं जमत न्हाई. त्यो सुटला तर ते माझ्या डोक्यावर."

या उत्तराने तिचं समाधान झालं नाही. त्यांचंही झालं नव्हतं. पण पुढचे तीन दिवस तीही त्यांच्याबरोबर बसली आणि एकाची रेषा दुसऱ्याशी जुळत नाही ना, हे तपासत राहिली. एकाला टाचेखाली कापडाची दोन पदरी घडी, दुसऱ्याला फक्त बाहेरच्या कडेला. एकाने बोल्ट सैल करायचा, दुसऱ्याने पट्टा आवळायचा. जखम होणार नाही, पण चालताना त्रास होईल इतपत. तीस वर्षं लोकांचं लंगडणं घालवलेला माणूस आता प्रत्येकाला त्याच्या मापाचं लंगडणं शिवून देत होता आणि तेही तो नीटच करत होता, याचा रझियाला राग आला आणि रडूही आलं.

नूर आगाला त्यांनी पहिल्याच दुपारी फोन लावला. दुभाष्या यंत्रातून त्यांनी सगळं सांगितलं.

"मग चहा?" नूरने विचारलं.

"ने की. सांडत ने."

सोमवार गेला. मंगळवारीही भिंतीवरच्या पडद्याने जग सुरक्षित झाल्याचं सांगितलं नाही. शुक्रवारी दुपारपासून व्हिडिओ येऊ लागले. रझिया एकेक मोजत होती. कोणी एका अंगावर कलत होता, कोणी पाय ओढत होता, कोणी दर पावलाला गचका खात होता. धोंडीराम एकामागून एक बघत होते आणि त्यांचे हात आपोआप बाकावरच्या पान्याकडे जात होते. चाळिसांपैकी एकोणचाळीस आले आणि नूर आगाचा काही येईना. चार वाजले, मग पाच. दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

सव्वापाचला आला. अंगण, मातीची खोली, सकाळचं लांब ऊन. नूर आगा दोन्ही हातांत पेली धरून चालत होता आणि दर पावलाला चहा उडून त्याच्या बोटांवर, सदऱ्यावर पडत होता. दारात बसलेल्या म्हातारीने हात पुढे केला, पेली घेतली आणि बोट आत घालून पाहिलं. पेली अर्धी होती. ती काहीतरी बोलली. मग नूर कॅमेऱ्याजवळ आला. त्याच्या बोटांना भाजल्याचे लाल चट्टे होते.

यंत्राने त्याचं बोलणं मराठीत सांगितलं. "उस्ताद, आई विचारते, मिरजेच्या कारागिराचा हात बिघडला का? तिला मी काय सांगू?"

धोंडीरामांनी उत्तर नोंदवायचं बटण दाबलं.

"सांग, बिघडला."

दोन मिनिटांत नूरचं उत्तर आलं. या वेळी व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज होता, आणि मागे म्हातारीचं बोलणं ऐकू येत होतं. "सांगितलं, उस्ताद. ती म्हणते, हरकत नाही, वय झालं की होतं तसं. फक्त एवढं विचार म्हणते, की पुन्हा नीट कधी होईल?"