कॅमेऱ्याचं लाल बटण

बायको, प्रेमला, गेल्याचा फोन दवाखान्यातून आला तेव्हा शरच्चंद्र तिचा स्वेटर घेऊन गाडीतून तिच्याकडेच निघाला होता. त्याने गाडी बाजूला घेतली आणि काचेवरच्या कॅमेऱ्याकडे बघत बसून राहिला.

तो कॅमेरा दोघांनी मिळून निवडला होता. रविवारी करकंबला तिच्या माहेरी जायचं, अंधारात परतायचं. वाटेत दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. त्याला रात्री स्वच्छ दिसणारा हवा होता. गाडीच्या सामानाच्या दुकानात सिद्धप्पा एकेक दाखवत होता, मागचंही टिपणारा, मोबाइलला जोडता येणारा. प्रेमलाने एवढंच विचारलं, आतलं बोलणं ऐकतो का?

"ते कशाला?" शरच्चंद्र म्हणाला.

"गाडीत साडी कबूल करता, घरी आलं की इसरता."

सिद्धप्पा खाली बघून हसला. ऐकणाराच घेतला. कार्ड भरलं की जुनं पुसून नवं भरतं, जपायचं तेवढ्याला लाल बटण दाबा, असं त्याने समजावलं तेव्हा प्रेमला सीट कव्हरचे रंग बघत होती.

तेराव्यानंतर शरच्चंद्र कार्ड घेऊन दुकानात गेला. कार्याच्या धावपळीत गाडी सतत फिरलेली. तिचा आवाज पुसला गेलाच असणार, तरी बघावं म्हणून. सगळीकडे रस्ते आणि पाहुण्यांच्या गप्पा होत्या. पण जपलेल्यांच्या कप्प्यात काहीतरी होतं. त्याने तर बटण कधी दाबलंच नव्हतं.

सिद्धप्पाने लावलं. पेट्रोल पंप. काचेपलीकडे शरच्चंद्र हवावाल्याशी बोलत उभा. मग अगदी जवळून तिचा आवाज –

"बंद केला बाई एकदाचा."

लग्नात नाव घेताना तिची जीभ 'शरच्चंद्र'ला अडखळली होती. अख्खा मांडव हसला होता. तेव्हापासून जन्मभर नुसतं 'अहो'.

"शर... शरच् – शरच्चंद्र." ती हसली. "जमलं की. अहो शरच्चंद्र... ओ द्या की."

काचेपलीकडचा तो हवेचं बघत होता.

शरच्चंद्रच्या आता लक्षात आलं. बंद करायचं समजून ती लाल बटण दाबत आली होती. मैलोगणती रस्ता पुसला गेला आणि नेमकं एवढंच राहिलं. तशा आणखी काही क्लिप होत्या. शेवटच्यात ती एकदाही अडखळली नव्हती. सिद्धप्पा पाठ फिरवून उगाच खोकी लावत राहिला.

शरच्चंद्र अजून रविवारी करकंबला जातो. वाटेत तिचा आवाज लावतो. ती हाक मारते.

ओ द्यायची अजून राहिली आहे.